तांदळात लिहिलेलं नाव

नोटारने एका हातात माझा पासपोर्ट, दुसऱ्या हातात लग्नाचा दाखला धरला आणि शांतपणे विचारलं, "ही दुसरी बाई कोण?"

अहो, कोण म्हणजे? मीच! पण हे त्या माणसाला पटवून देईपर्यंत माझ्या नाकी नऊ आले.

हे गेल्यावर हॅनोव्हरचं आमचं घर माझ्या आणि लेकीच्या नावावर व्हायचं होतं. इथे जर्मनीत घराचे आणि वारशाचे कागद करणारा वकील म्हणजे नोटार, आणि शपथेवर निवेदन घ्यायचा अधिकारही त्याला असतो. माझ्या दाखल्यावर माहेरचं नाव, पासपोर्टवर सासरचं. नुसतं आडनाव नव्हे, पहिलं नावसुद्धा वेगळं. मी ह्यांची बायको हे सिद्ध होईना, म्हणून घर अडकलं.

"लग्नात पतीने ताटातल्या तांदळात अंगठीने माझं नवं नाव लिहिलं," मी सांगितलं.

"त्याचा काही पुरावा?"

"त्याचा भात झाला!"

माझं डोकंच फिरलं. नाव बदलताना मला कुणी विचारलं नव्हतं. पेढे वाटून सगळे मोकळे झाले, आणि निस्तरायचं मात्र मी.

पुण्याहून धाकट्या दिरांचा फोन आला. "वहिनी, कशाला डोक्याला ताप करून घेता? आमच्या प्रॉपर्टीच्या वकिलांना शपथ द्यायचे अधिकार मिळालेत. शपथपत्र करून पाठवतो, तुम्ही यायची गरज नाही."

आलं की शपथपत्र, चांगलं शिक्क्यांनी भरलेलं! 'सदर महिला माझ्यासमोर हजर राहून शपथेवर सांगते...' त्या दिवशी सदर महिला हॅनोव्हरमध्ये ह्याच नोटारसमोर खुर्चीत बसून तणतणत होती.

त्याने तारीख बघून कागद बाजूला सारला. "ज्याने तुम्हाला पाहिलंच नाही, त्याने तुमची शपथ कशी घेतली?"

बरोबर बोलला मेला, त्याचाच मला जास्त राग आला. अधिकार दिले म्हणून काय, माझ्या तोंडची शपथसुद्धा मला न विचारता? आधी नाव, आता शपथ!

"मग माझी शपथ मीच घेते," मी म्हटलं. "लिहून घ्या."

त्याने मजकूर तयार केला आणि शब्दन् शब्द मोठ्याने वाचला. खोटं सांगितलं तर तुरुंग, हेही बजावलं. मला, ह्या वयात! मी उसळले, तशी शेजारी बसलेल्या लेकीने माझा हात दाबला. "रूइग, आई, शांत हो."

मग त्याने विचारलं, "पती तुम्हाला ह्यातल्या कोणत्या नावाने हाक मारायचे?"

मी दाखल्यावरचं नाव पाहिलं, पासपोर्टवरचं पाहिलं. ज्या नावापायी एवढं रामायण झालं, ते ह्यांनी तांदळात लिहिलं आणि पुन्हा कधी तोंडातून काढलं नाही.

"कोणत्याच नाही," मी म्हटलं. "ते मला 'अगं' म्हणायचे."

"तेही लिहायचं?"

"लिहा. त्या हाकेला ओ देणारी बाई मीच होते, हे शपथेवर सांगते."