आईच्या वांग्यांचा कूकू

गावाहून निघाले त्या सकाळी आई मला पोचवायला आली आणि थेट एसटीत चढून माझ्या शेजारी बसली. बस सुटायला दहा मिनिटं होती. ती दहा मिनिटं तिने उपदेशात सत्कारणी लावली. "येळवर जेवजो. कोनी जास्ती गोड बोलनं त समजी लेजो. आनि कोनाकडे बी काही खाजो नको." शेवटचं वाक्य तिने तीनदा म्हटलं. कंडक्टरने दारातून "मावशी, तुमचंही तिकीट फाडू का?" असं विचारलं तेव्हा कुठे ती उतरली. बाजरीच्या भाकरींची पिशवी माझ्या मांडीवर ठेवून, माझ्याकडे न बघता. वडील खाली उभे होते. बोलायचं काम आईने करून टाकलं होतं म्हणून असेल, ते नुसते बसचा पत्रा थोपटत राहिले, बैलाची पाठ थोपटावी तसे.

सटाण्याच्या पुढचं आमचं गाव आणि नाशिक, मध्ये जेमतेम तीन तासांचा रस्ता. तुमच्यातले जे दुबईला, जर्मनीला गेलेत ते म्हणतील, हिने कसल्या स्थलांतराच्या गोष्टी सांगाव्यात! पण जिच्या घरातली बाई आधी कधी नोकरीला बाहेर पडली नाही, तिला तीन तास पुष्कळ होतात. आणि गावात राहिलेल्या माझ्या मैत्रिणींनो, तुम्हाला तर माहीतच आहे की मला सहजासहजी सोडलं नव्हतं. मला सोडलं ते मी एक खोटं बोलले म्हणून.

नाशिक रोडच्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये मला टेक्निशियनची नोकरी लागली होती. राहायला खोली मिळाली देवळाली कॅम्पात, एका म्हाताऱ्या इराणी बाईंच्या बंगल्याच्या मागच्या बाजूला. शिरीन आंटी. एकट्याच राहायच्या. आईने एकच प्रश्न विचारला होता, "ती बाई अंडा-मटन खास का?" आई माळकरी. माझ्या जन्माच्या आधीपासून तिच्या गळ्यात तुळशीची माळ. मी डोळ्याची पापणी न हलवता सांगितलं, "नाही गं, एकदम शाकाहारी. देवभोळी आहे." देवभोळ्या तर त्या होत्याच. बाकी, ज्या दिवशी मी खोली बघायला गेले त्या दिवशी त्यांच्या स्वयंपाकघराच्या ओट्यावर अंड्यांचे दोन ट्रे होते आणि त्या माझ्याशी बोलता बोलता त्यातलीच तीन अंडी फोडत होत्या.

शिरीन आंटींचे आईवडील इराणातल्या यझदकडचे. आंटींचा जन्म इकडचाच, पण त्यांच्या आईने शेवटपर्यंत तिकडचाच स्वयंपाक केला. त्यातला माझा आवडता झाला तो वांग्याचा कूकू. कूकू म्हणजे काय ते आधी सांगते, नाहीतर तुम्ही ऑम्लेट समजाल. वांगं भाजून सोलायचं, ठेचायचं. भरपूर कांदा लाल होईपर्यंत परतायचा, त्यात लसूण, हळद. गार झालं की फेटलेल्या अंड्यांत सगळं कालवायचं, केशराचं पाणी घालायचं, तूप लावलेल्या गोल भांड्यात ओतायचं आणि ओव्हनमध्ये ठेवायचं. फुगून वरून तांबूस झालं की सुरीने त्रिकोणी वड्या कापायच्या. पाव आणि दही सोबत. वरून खरं म्हणजे झरेश्क नावाची आंबट लाल फळं हवीत. ती इथे मिळायची नाहीत म्हणून आंटींच्या आईने नाशिकच्या मनुका लिंबाच्या रसात भिजवून घालायला सुरुवात केली. "पहिल्या दिवशी मम्मा रडली," आंटी सांगायच्या, "दुसऱ्या दिवशी मनुका जास्ती घातली."

पहिले दोन महिने मी खाल्लं नाही. कोणाकडे काही खायचं नाही, हे डोक्यात पक्कं बसलेलं. मग एकदा ताप आला. आंटी कूकूची एक वडी आणि चहा घेऊन खोलीच्या दारात आल्या आणि मी खाईपर्यंत हलल्याच नाहीत. तोंडाला चव नसलेल्या माणसालासुद्धा कळावं असं ते होतं. भाजल्या वांग्याचा धूर जिभेवर आला आणि मला आमच्या गावचं भरीत आठवून रडू कोसळलं. त्या वडीनंतर मी काय थांबते! रविवारी कूकू ठरलेला. घरी फोनवर मात्र "जेवण काय?" या प्रश्नाला माझं उत्तर ठरलेलं, वरण-भात.

असं वर्ष गेलं. मग गावाकडे माझ्यासाठी एक स्थळ आलं. मुलगा तिकडचाच, शेती चांगली, आणि त्यांना नोकरी करणारी सून नको होती. मी फोनवर टाळाटाळ केली. चौथ्या दिवशी, रविवारी सकाळी, काही न कळवता आई बंगल्याच्या फाटकात उभी. एका हातात छत्री, दुसऱ्या हातात भरताच्या वांग्यांची पिशवी, ती आमच्याकडची लांबट हिरवी, एकेक पाव-पाव किलोची. खोलीत येऊन माझी बॅग कुठे आहे ते तिने आधी नजरेने शोधलं. "चाल घर," म्हणाली. "सांजनी गाडी शे." शे म्हणजे आमच्याकडचं आहे. मी म्हटलं, उद्या तरी जाऊ, आज राहा. ती तयार झाली, पण बॅग तिने पलंगाखालून ओढून वर ठेवली.

तेवढ्यात शिरीन आंटी पुढून आल्या आणि त्यांना ती वांगी दिसली. झालं! "अरे, ह्याला बोलते वांगा! इथे भाजीवाला काय देते, नुसत्या बिया." त्यांनी एक वांगं उचलून नाकाला लावलं. आईला त्यांचं मराठी अर्धंच कळत होतं, पण आपल्या वांग्याची तारीफ कोणत्या आईला कळत नाही? आंटी वांगी गॅसवर भाजायला निघाल्या तशी आई आडवी आली. गॅसवर? काही तरीच! ती मागच्या अंगणात गेली, कुंपणाजवळच्या वाळक्या काटक्या गोळा केल्या आणि तिथेच जाळ केला. पुढचा तासभर त्या दोघी त्या जाळाशेजारी उकिडव्या बसल्या होत्या. एक अहिराणीत बोलत होती, दुसरी हिंदी-गुजराती-मराठीच्या मिसळीत, आणि दोघींचं अगदी छान चाललं होतं. आंटींना इतकं हसताना मी खूप दिवसांनी पाहिलं. आईने वांगी सोलली, लसूण-मिरची घालून ठेचली आणि तो ऐवज आंटींच्या हातात दिला. आईच्या मते आता फक्त फोडणी उरली होती.

आंटी ते घेऊन स्वयंपाकघरात गेल्या. खिडकीतून मला दिसलं, त्यांनी अंड्यांचा ट्रे पुढे ओढला.

त्या क्षणी मी आत जाऊन म्हणायला हवं होतं की आंटी, माझी आई माळकरी आहे. दोन शब्दांचं काम. मी ते त्यांना वर्षभरात कधीच सांगितलं नव्हतं. का, तर मला वाटायचं, त्या मला मागासलेली समजतील. आणि आत्ता सांगितलं तर आईला कळणार की बाई अंडी खाते, म्हणजे मी खोटं बोलले, म्हणजे बॅग भरलीच. मी हिशेबीपणाने गप्प बसले. अंड्याचा वास ओव्हनमध्ये मरेल, वांगं-लसूण त्याला झाकतील, असा माझा लॅबवाला विचार. दिवसभर लोकांचं रक्त तपासणारी मुलगी, आणि आईचं नाक मोजणीत धरलं नाही.

कूकू आला. गोल, सोनेरी, वर मनुका. आंटींनी सणासुदीची चिनीमातीची बशी काढली होती. त्यांनी पहिली वडी आईला वाढली आणि बशी हातात धरून समोर उभ्या राहिल्या, आमच्याकडे पाहुण्याला आग्रह करणारी बाई राहते तशाच. आईने वडी तोंडाजवळ नेली. थांबली. माझ्याकडे बघितलं.

"यामा काय शे?"

"वांगं," मी म्हटलं. "आपलंच."

आई वडी बशीत ठेवून म्हणाली, "हात धुई येस." मागच्या नळावर गेली. हात धुवायला लागतो त्याहून बराच वेळ लागला. परत आली ती डोक्यावरचा पदर गळ्याभोवती घट्ट लपेटून. बसली आणि खाल्लं. सावकाश, पूर्ण वडी. आंटींनी विचारलं, "अच्छा लगा?" आईला जेवढं हिंदी येतं तेवढं सगळं तिने वापरलं, "बहोत अच्छा." मग दुसरी वडी स्वतःहून मागून घेतली.

मला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. वाटलं ते उलटच. जन्मभराचा नेम पाळणाऱ्या बाईला मी फसवून बाटवलं होतं, तेही तिच्याच शेतातल्या वांग्यांनी. त्या दिवशी तिने बॅगेचा विषयही काढला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी उठून बघते तर तिने माझी बॅग परत पलंगाखाली सरकवलेली. "मी एकलीच जास," म्हणाली. मी तिला पोचवायला सीबीएसवर, नाशिकच्या एसटी स्टँडवर, गेले तेव्हा सटाण्याची गाडी लागली होती. आता मला राहायला मिळणार होतं, मी जिंकले होते, आणि मला ते सहन होईना. फलाटावर, लोकांच्या देखत, मी तिला सांगून टाकलं की त्यात अंडी होती. सात होती. आंटींना माहीत नव्हतं, मला होतं.

आई म्हणाली, "माले माहीत शे."

तिने पदराच्या टोकाची गाठ सोडली. आत माळ होती. नळावर गेली तेव्हा तिने ती काढून बांधून ठेवली होती. मग मला म्हणाली, आणि आवाज अजिबात चढवला नाही, "तुन्हा बापले इतला वरीस अंडा कोन रांधी दिन्हा? माले वास कळाव नही का?" खरंच होतं. वडिलांसाठी ती दर आठवड्याला मागच्या अंगणात वेगळ्या चुलीवर, वेगळ्या तव्यावर, नाकाला पदर लावून अंडी करायची आणि मग आंघोळ करून घरात यायची. एखादं अंडं नासकं असलं तर फोडायच्या आधी वासावरून सांगायची. आणि मी तिच्यापुढे लसणाने तो वास झाकायला बसले होते.

मग का खाल्लंस, असं मी विचारलं. ती माळेची गाठ परत बांधत म्हणाली, "ती उभी व्हती ना ताट लिसन. जिना घरमा मन्ही पोर झोपस, तिले नही कसं म्हनू?" मग म्हणाली, "पन तू खोटं बोलनी. ते माले अंडापेक्षा जास्ती लागनं." गाडीत चढली. या वेळी उपदेश नाही, काही नाही. मला तिचा उपदेश हवा होता.

परतल्यावर मी शिरीन आंटींना सगळं सांगितलं. त्या खुर्चीत बसल्या आणि त्यांनी कपाळाला हात लावला. "मला बोलायचा होता, वंदना. मी भरीत केला असता. मला काय फरक होता?" हेच तर. कोणालाच काही फरक पडत नव्हता. दोघी बायका एकमेकींना सांभाळून घ्यायला तयार होत्या, मधल्या मधे मीच शहाणी.

आंटी जाऊन आता काही वर्षं झाली. मी नाशिक रोडला फ्लॅटमध्ये राहते, नवरा सातपूरच्या कारखान्यात शिफ्टमध्ये असतो, मुलगी शाळेत जाते. ऑनलाइन झरेश्क मिळतात हल्ली. एकदा मागवले, पण मुलीने ते वेचून बाजूला काढले आणि मनुका मागितल्या. आई येते तेव्हा मी दोन भांडी लावते, एकात अंडी, दुसऱ्यात बेसन. बेसनाचा कूकू म्हणजे अगदीच दगड होतो. आई तो मुकाट्याने खाते आणि दात शाबूत असल्याबद्दल देवाचे आभार मानते.

एक गोष्ट मात्र मला तिने कधी सांगितली नाही, वडिलांनी फोनवर सांगितली, तिच्या त्या भेटीनंतर पंधरा-वीस दिवसांनी. काढलेली माळ ती आपल्या हाताने परत घालायला तयार नव्हती. एकादशीला देवळात, भजनाच्या बायकांसमोर, ती गावच्या बुवांपुढे जाऊन बसली आणि म्हणाली, माझ्याकडून अंडं खाल्लं गेलं, पुन्हा माळ घाला. बायकांत कुजबुज झाली. बुवा बिचारे संकोचले. त्यांनी तिला वाट काढून दिली, म्हणाले, चुकून झालं असेल, प्रवासात, कोणा परक्याच्या घरी. ती "हो" म्हणाली असती तर तिथेच मिटलं असतं. खोटं बोलून कसं मिटवायचं हे तिने मला विचारायचं होतं!

वडील म्हणाले, तुझ्या आईने मान हलवली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, "परकं नही. मन्ही पोरना घर."