कनातीपलीकडची बाई

निजामाच्या राज्यात परभणीच्या बाजारात तंबूतला सिनेमा यायचा, तेव्हा आम्ही पडद्याइतकंच आमच्या शेजाऱ्यांकडं बघायचो. ते तहसिलीत कारकून, बोलणं बेतानंच. सिनेमा भिकार असला की शेवटपर्यंत बसायचे. चांगला असला की मध्येच धोतर झटकून घरी. म्हणायचे, "चांगल्या गोष्टीचा शेवट दुसऱ्याला कशाला करू द्यायचा? माझा मी करतो की!" ते उठले की दुसऱ्या दिवशी तंबू भरलाच म्हणून समजा.

एकदा नवा खेळ आला आणि ते शेवटपर्यंत बसले. झालं! दुसऱ्या दिवशी तंबूकडं कुत्रंही फिरकलं नाही. तंबूचा मालक हात जोडत त्यांच्या ओट्यावर आला. "साहेब, आमचा खेळ एवढा खराब होता का?"

"लय झकास होता! पर कनातीपलीकडं बायकांत आमची ही बसली होती, पहिल्यांदाच आलेली. तिला टाकून कसं उठू? डोळे मिटून, कानात बोटं घालून बसलो."

आतून बायको म्हणाली, "अन् घरी येताना मी सगळा शेवट सांगितला, तवा?"

शेजाऱ्यांनी टोपी सारखी केली. हळूच म्हणाले, "तवा बोटं काढली होती."