धुरा नसलेली बांधी

चहा निवेपर्यंत थांबते, मग एका दमात पिते. बसमध्ये जागा असली तरी उभी राहते, दांडी न धरता. दाराबाहेर चपला काढल्या की जोडीनं ठेवते, दुसऱ्यांच्याही. समोरचा आवाज चढवू लागला की तिचा खाली येतो. कुणी बोलत असेल तर मोबाईल पालथा ठेवते. मी भांडले तर शेवटपर्यंत ऐकून घेते, आणि मग विचारते, "जेवली काय?"

ही शेवटची सवय मला सगळ्यात जास्त खुपते.

तृप्ती माझी लहानपणची मैत्रीण. आम्ही दोघी आंधळगावच्या. तिच्याकडे धानाची शेती, आमच्याकडे हातमाग. मी भंडाऱ्याला राहून मराठीत एम.ए. केलं. ती तुमसरला मावशीकडे राहून कराटे शिकली आणि काळा पट्टा घेऊन परतली. नोकरी दोघींनाही नव्हती. पण संध्याकाळ झाली की तिच्याकडे पोरी जमायच्या. माझी धाकटी बहीण डिंपल त्यांच्यात पहिली. ती नववीत आहे. आधी ती मला ताई म्हणायची. मग ताई म्हणजे तृप्ती झाली आणि मी स्वातीताई झाले.

तृप्तीचा वर्ग तिच्या वडिलांच्या शेतात भरायचा. धान निघालं की बांधी रिकामी होते. भाताचा तो चौकोनी तुकडा, चारी बाजूंनी मातीचा धुरा, म्हणजे बांध. तेच त्यांचं मैदान. उन्हाळाभर ठोसे, लाथा, आरोळ्या. वर्ग संपला की ती पोरींना तलावावर न्यायची आणि गुडघाभर पाण्यात उभं करायची.

"पाय हलवू नका. श्वास पोटात जाऊ द्या. पायाजवळचं पाणी निवळलं की घरी जा."

ध्यान हा शब्द तिनं कधी वापरला नाही. पोरींच्या पायाजवळचा गाळ हळूहळू बसायचा, बोटं दिसू लागायची. एकदा मीही उभी राहिले. माझं पाणी गढूळच राहिलं. बाजूला डिंपलची पावलं काचेतून दिसावीत तशी दिसत होती.

"स्वातीताई, तू विचार लय करतेस," ती म्हणाली.

घरी मी तिच्याशी बोलले नाही.

पेच जागेचा होता. पावसाळ्यात भाताची रोवणी आली की बांधीत पाणी भरणार, वर्ग बंद पडणार. मागच्या साली तसंच झालं आणि निम्म्या पोरी परत आल्याच नाहीत. गावात समाजमंदिर आहे, बहुतेक दिवस कुलूपबंद. गावकीतल्या मोठ्या माणसांनी तृप्तीला सांगितलं, जिल्ह्याच्या स्पर्धेतून एक तरी पोरगी पुढच्या स्पर्धेला नागपूरला जाऊ दे, मग किल्ली तुझ्याकडे. तृप्तीनं डिंपलला निवडलं. मला वाटलं, माझ्याच बहिणीला का? आणि मला कुणी का निवडत नाही?

स्पर्धा भंडाऱ्याला होती. मी गेले. तृप्तीचे वडील नत्थूकाकाही आले, धुतलेला सदरा घालून. डिंपल सुरुवातीपासून पुढं होती. तिचे ठोसे स्वच्छ लागत होते. मग समोरची मुलगी अंगावर येऊ लागली आणि डिंपल मागं सरली. सरळ, खाली न बघता, गुडघे वाकवून. पाय चटईबाहेर गेला. पंचांनी इशारा दिला. ती पुन्हा आत आली आणि पुन्हा तशीच मागं गेली. पुन्हा इशारा. बाहेर जाण्याचे इशारे भरले, आणि शेवटी पंचांनी हात समोरच्या मुलीचा वर केला.

नत्थूकाका मोठ्यानं बोलले, "काय वं डिंपल, रोवणी करून राहिली काय तिथं?"

आसपासचे लोक हसले. तृप्ती हसली नाही. ती डिंपलच्या पायांकडे बघत राहिली.

मला वाटलं, आता ती रागावेल. मी वाट बघत होते. ती एकदा तरी माझ्यासारखी दिसावी एवढंच मला हवं होतं.

बसस्टँडवर तिनं डिंपलला मोकळ्या जागेत उभं केलं.

"डोळे मीट. मागं चाल. मन म्हणंन तिथं थांब."

डिंपल चालत गेली आणि केळीवाल्याच्या गाडीवर आदळली.

"अवं पोरी, केळं पाहिजे तं तोंडानं माग ना!" केळीवाला ओरडला.

"टाचेनं काय शोधून राहिली होतीस?" तृप्तीनं विचारलं.

डिंपलनं नाक पुसलं. "धुरा."

चिखलात रोप लावणारी बाई मागं मागं सरते. टाचेला धुरा लागला की थांबते, वळून बघत नाही. आमच्या पोरी हे चालायला लागल्यापासून बघतात. वर्गात मागं सरायचं तर त्याच बांधीत, त्याच धुऱ्यापर्यंत. चटईला धुरा नसतो.

"चूक माही आहे," तृप्ती म्हणाली. "थांबायचं काम मी मातीवर सोपवलं." मग माझ्याकडे वळली. "जेवली काय?"

मला तिथंच रडू आलं. दुःखानं नाही. हरल्यावर असं बोलणं मला कधी जमणार नाही म्हणून.

त्या संध्याकाळी मी तिच्या घरी होते. ती वडिलांना म्हणाली, "बाबा, तलावाजवळची लहान बांधी या साली मले द्या. धुरे पाडते, मुरूम भरते, सपाट ओटा करते. पाणी भरलं तरी वर्ग चालंन."

"धान नाही लावाचं?"

"नाही."

"लोक म्हणतीन, नत्थू येडा झाला."

"आत्ता काय म्हणून राहिले?"

काका बराच वेळ सुपारी कातरत राहिले. "ने," म्हणाले.

मी थक्क झाले. आमच्या मागघरात मी पुस्तकांसाठी एक कोपरा मागितला होता. बाबांनी विचारलं, मग सुताच्या कांड्या ठेवायच्या कुठं? आणि इथं एक शेतकरी पोरीच्या लाथांसाठी बांधी पडीत टाकत होता. रात्री मला झोप लागली नाही.

पोरी घमेली घेऊन आल्या. मीही गेले, कारण डिंपल गेली. धुरे पाडले. मुरूम पसरत गेला. जेवढा भाग वर आला तेवढ्यावर तृप्ती त्यांना डोळे मिटून मागं चालवायची. अंदाज चुकला की पोरगी खाली चिखलात. मग सगळ्या हसायच्या, पडलेलीही. हळूहळू पडणाऱ्या कमी झाल्या. डिंपल कडेपासून वीतभर आत थांबू लागली. मी पडत राहिले.

तीन कोपरे भरले. चौथा तलावाच्या अंगाचा, सगळ्यात खोल. तो अर्धा झाला असताना नाकाडोंगरीकडच्या एका निवासी शाळेतून फोन आला. मुलींना कराटे शिकवायला शिक्षिका हवी होती, लगेच. दुसऱ्यांच्या शेतात रोवणीची मजुरी करत दिवस काढणारी ती, नाही म्हणणं शक्यच नव्हतं. दुसऱ्या सकाळी निघाली.

"कोपरा येऊन भरते," ती डिंपलला म्हणाली. "तवरिक त्या अंगाला नको जाजो."

परवा मी तिला फोन केला. मागून कितीतरी आवाज येत होते. ताई, ताई. त्या मुलींना मी कधी पाहिलेलं नाही. तरी त्यांचा राग आला.

काल नत्थूकाका हातात भाताच्या रोपांची जुडी घेऊन त्या कोपऱ्याशी उभे होते. आजूबाजूच्या सगळ्या बांध्या लावून झाल्या होत्या.

"स्वाती, थोडेशे पऱ्हे उरले आहेत," ते म्हणाले. "इथं लावू का राहू देऊ?"

"राहू द्या काका," मी म्हणाले.

ते गेले. चौथा कोपरा अजून खालीच आहे. मुरमाचा ढीग कडेला पडून आहे, पसरायचा राहिलेला.