वीतभर पाणी

सासरे सुभेदार होऊन फौजेतून परतले, ते साताऱ्यातल्या एका लिलावातून बिडाचा पांढरा टब घेऊनच. इस्लामपूरजवळच्या आमच्या गावात ट्रॉलीतून तो उतरला तेव्हा अख्खी आळी बघायला जमली. सासूबाई आणि मी मात्र आमच्या मोरीकडे बघत होतो. आतून कडी असलेली घरातली ती एकच जागा.

टबानं मोरी व्यापली. पाणी जायचं जुनं भोक त्याच्याखाली बुजलं. नळवाल्यानं भिंतीत नवं पाडलं, पण पाया काळ्या दगडाचा, त्यामुळे ते टबाच्या बुडापेक्षा वीतभर वर पडलं. तो म्हणाला, "सुभेदार, टब इटांवर चढवू या. पायपाला उतार न्हाई, पानी तुंबंल."

"आमच्या सायबाचा टब भुईवरच हुता," सासरे म्हणाले. विषय संपला.

वर हुकूम सुटला, बायकांनी टबात न्हायचं नाही, शिकेकाईनं पाइप तुंबतो. म्हणजे आम्ही परसात, उसाच्या पाचटाच्या आडोशाला, अंगावर लुगडं ठेवूनच न्हायचं. वाऱ्यानं पाचट हललं की माझा जीव मुठीत. सत्तर सालानंतरची गोष्ट सांगतेय, मोगलाईतली नव्हे!

सासऱ्यांच्या आंघोळीसाठी बंबातलं पाणी बादल्यांनी मी ओतायचं. बूच काढलं की वरचं जायचं, वीतभर साचलेलंच राहायचं. ते तेलकट पाणी तांब्यानं बादलीत भरून मीच बाहेर फेकायचं. भरायचं मी, उपसायचं मी, आणि आळीत कौतुक टबाचं! सासूबाई माझं तोंड बघायच्या.

एका सकाळी बंब तापल्यावर सासूबाईंनी मला बादल्या आत नेऊन टबात ओतायला लावल्या. स्वतः आत शिरल्या आणि कडी घातली. सासरे खांद्यावर पंचा टाकून आले.

"आत कोन हाय?"

"मी हाय. न्हातीया."

ते दारावर थापा मारत राहिले. सासूबाई निवांत न्हाऊन, केस पुसत बाहेर आल्या. मला म्हणाल्या, "तू पान्याला हात लावू नगंस." मग सासऱ्यांकडे वळल्या. "आवं, टब तुमचा हाय. उपसा."

दुसऱ्या बादलीला सासऱ्यांनी कंबर धरली. त्याच दुपारी नळवाला आला, टब विटांवर चढला, पाणी सरळ वाहून गेलं. पुढं पहिली आंघोळ सासूबाईंची, मग माझी, कडी लावून.

आळीत सासरे सांगायचे, "उतार मीच काडला." अजून आठवलं की डोकं तापतं. माझी पाठ महिनाभर मोडत होती, तेव्हा घरात विटा नव्हत्या का?