तेराबाईंनी धरलेला आकडा

कालव्याच्या कडेने दोन मैल झाले तरी ताई एक शब्द बोलल्या नव्हत्या, आणि बरोबर चालणारी त्यांची भावजय मनातून धास्तावली होती. डॉक्टरांनी दोघींनाही गुडघ्यांसाठी चालायला सांगितलं होतं. दर रविवारी दुपारी जुन्या पुलापर्यंत जायचं आणि परत फिरायचं. एरवी ताईंचं तोंड पुलापर्यंत मिटत नसे. बाकाचा खिळा वर आलाय, पाटीवरचं अंतर चुकलंय, काही ना काही त्यांना दिसायचंच.

बावीस वर्षं त्यांनी पोट भरलं तेही या नजरेवरच. लग्न केलं नाही, धाकट्या भावाच्या घरी वरच्या खोलीत राहिल्या आणि सॉफ्टवेअर तपासत आल्या. दुसऱ्यांनी लिहिलेला प्रोग्राम लोकांच्या हाती जाण्याआधी त्यातली खोट शोधायची. वयाच्या रकान्यात उणे सात लिहून बघायचं, एकच बटण वीसदा दाबायचं. घरातही तेच. भावजयीने नवा डबा आणला की ताई त्यात पाणी भरून, झाकण लावून आधी तो उलटा धरायच्या. भाऊ म्हणायचा, हिला स्वर्गात बोलावलं तर ही आधी दाराच्या बिजागऱ्या हलवून बघेल.

ऑफिसात त्यांना तेराबाई म्हणत. तिथे काम दोन-दोन आठवड्यांच्या तुकड्यांत चालतं, त्या तुकड्याला स्प्रिंट म्हणतात. सुरुवातीला सगळे टेबलाभोवती बसतात. एखाद्या कामाला किती कष्ट पडतील त्याचा आकडा असलेला पत्ता प्रत्येकजण पालथा ठेवतो आणि सगळे एकदम उलटतात. कोणी कोणाच्या दबावाखाली येऊ नये म्हणून ही रीत. बाकीच्यांचे तीन नि पाच निघायचे, ताईंचा तेरा. मग हशा.

पुलाचा कठडा दिसायला लागला तेव्हा ताई बोलत्या झाल्या. त्यांच्या कंपनीचं ॲप रुग्णांना कुठली गोळी किती घ्यायची याची आठवण करून देतं. डॉक्टरांनी डोस बदलला की आठवणही बदलली पाहिजे. मागच्या महिन्यात नेमकं तेच काम आलं होतं आणि ताईंनी त्याला तेरा धरला. पण मॅनेजरने रिलीजची, म्हणजे बदल लोकांच्या फोनवर पोचवायची, तारीख दवाखान्यांना आधीच कळवून टाकली होती. तपासणीचे दिवस कापल्याशिवाय काम त्या तारखेत बसेना. कापले, बसवलं. आणि एका म्हाताऱ्या गृहस्थांच्या फोनवर जुनाच डोस येत राहिला. तीन दिवस दुप्पट गोळ्या घेऊन ते जिन्यात कोसळले. वाचले, एवढंच. शुक्रवारी आढाव्याच्या बैठकीत मॅनेजरने फळ्यावर पिवळी चिठ्ठी चिकटवली, ‘तपासणीत चूक सुटली’. खाली ताईंचं नाव.

भावजय जागीच थांबली. त्या अनोळखी गृहस्थांसाठी तिने आधी मनात देवाचं नाव घेतलं आणि मग तिचा तोल सुटला. ती शाळेत चौथीला गणित शिकवते. आधी फळ्यावर उत्तर लिहून ठेवायचं, मग गणित घालायचं, आणि जमलं नाही की ज्या पोरीने हात वर केला होता तिचाच कान धरायचा, ही कुठली रीत, म्हणाली. त्या मॅनेजरला त्याच जिन्यात आठवडाभर बसवायला हवं, म्हणाली. शेजारून जाणारा सायकलवाला वळून बघायला लागला तरी ती थांबेना.

ताईंनी तिच्या दंडाला हात लावला. “अगं, अर्धंच ऐकलंस.”

सगळ्यांचे आकडे जुळेपर्यंत पत्ते पुन्हा पुन्हा टाकायचे, असाही एक नियम होता. त्या दिवशी ताईंनी दुसऱ्यांदाही तेरा धरला. का, ते समजावून सांगितलं. लोक घड्याळ बघायला लागले. तेराबाईंमुळे आज उपास, असं कोणीतरी म्हणालं आणि सगळे हसले.

“तिसऱ्यांदा मी पाच धरला,” ताई म्हणाल्या. “माझ्या हाताने. कोणी हात पिरगाळला नव्हता माझा. ‘एकमताने पाच’ अशी नोंद आहे तिथे.”

भावजयीला काहीतरी गोड बोलून वेळ मारून नेता आली असती. तिला ते येत नाही.

“चुकलंच तुमचं, ताई. पण चिठ्ठी खोटी आहे. चूक तपासणीत नाही सुटली, त्या टेबलावर सुटली. तिथे बसलेल्या सगळ्यांची नावं लिहा म्हणावं खाली.”

ताई पहिल्यांदाच जराशा हसल्या. मग म्हणाल्या की उद्या दहाला पुन्हा तेच टेबल आहे. या वेळी लहान मुलांचा डोस, वजनाप्रमाणे. तारीख याही वेळी आधीच कळवून झाली आहे.

“तेरा धराल ना?”

“आत्ता धरेन म्हणते. इथे पुलावर काय जातंय माझं?” ताईंनी कठड्याचा एक सैल दगड हलवून पाहिला, पुन्हा नीट बसवला. “तुझी मधली सुट्टी अकराला असते ना? मला फोन कर. कशा आहात, जेवलात का, असलं काही विचारू नकोस. शेवटी कोणता आकडा धरलात, तेवढंच विचार. सगळ्यांसमोर बसलेली असेन, तरी उचलेन. तुला खोटं सांगायला माझी जीभ रेटत नाही, म्हणून तूच कर.”