फळांना कुंकू

गाठोडं सोडल्याबरोबर विकायला सुरुवात केली असं चंद्रामावशीने कधी केलं नाही. चतुर्थीच्या आधी पेडण्याच्या बाजारात ती डोक्यावरचा भारा उतरवी, गोणपाट अंथरी, पदराच्या गाठीतली कुंकवाची डबी काढी आणि सगळ्यात वरच्या घोसाला हळद-कुंकू लावी. तोवर गिऱ्हाइकाने फळाला हात लावला तर हातावर चापट बसे. "फळ येता म्हणजे पावणो येता," ती म्हणे. "पावण्याक दारात उभो ठेवून कोण भाव करता?"

ती जवळच्याच पार्से गावची. माहेर सिंधुदुर्गातलं, त्यामुळे बोली शेवटपर्यंत मालवणीच राहिली. गणपतीच्या डोक्यावर आमच्याकडे लाकडी चौकट टांगतात, ती माटोळी. तिला बांधायची रानफळं ती डोंगरावरून स्वतः काढून आणी: आंबाडे, सुपारीचे घोस आणि लालभडक कवंडळ. कवंडळ इतकं कडू की पक्षीही विचार करून चोच मारतात, पण ते नसेल तर आमच्या धारगळला माटोळी पुरी झाली असं कुणी मानत नाही.

मला मोजल्याशिवाय काही घेता येत नाही. घोसातले आंबाडेसुद्धा मी मोजून घेतो. मावशी गालात सुपारी धरून बघत राही. "मोज बाबा, मोज. देवाक पावती देवची आसा ना?" शेजारी बसणारी सत्यवती हसे, आणि मी पुन्हा पहिल्यापासून मोजायला लागे.

मावशीचा नवरा वैशाखात गेला. त्या वर्षी चतुर्थीच्या बाजाराला निघालो तेव्हा आईने मला ओसरीवर थांबवलं. औंदा सामान सत्यवतीकडून आण, म्हणाली. कारण विचारायची गरज नव्हती. वडील गेल्यापासून आई स्वतःही माटोळीला हात लावत नसे. स्वयंपाकघरातून दोर पुरवी, सूचना देई, पण बांधताना पुढे येत नसे. तिला कुणी मनाई केली नव्हती आणि कुणी बोलावलंही नव्हतं.

बाजारात पोचलो तेव्हा मावशीचा भारा नुकताच उतरला होता. कपाळ मोकळं, हातात बांगडी नाही. सत्यवतीने हळूच डबीकडे हात नेला. "बायो, औंदा मी लायतंय. तू बस."

मावशीने डबी दिली नाही. झाकण काढलं, बोट बुडवलं आणि घोसाला कुंकू लावलं. आजूबाजूच्या बायका बघत राहिल्या. मग तिने मान वर केली.

"घोव माझो मेलो," ती म्हणाली. "झाडांचो कोण मेलो?"

उत्तर गिऱ्हाइकांनी दिलं. बायका यायच्या, मावशीच्या ढिगाकडे बघायच्या आणि सरकून सत्यवतीपुढे बसायच्या. ऊन वर आलं तरी मावशीचा ढीग तसाच. सणाचं सामान सणाआधी गेलं नाही तर ते गुरांपुढे टाकायचं, आणि पुढच्या वर्षी त्या जागेवर बसायचं तरी कशाला? ती मात्र उठली नाही, की सावलीतही सरकली नाही. येणाऱ्या प्रत्येकीला नावाने हाक मारी, मुलाबाळांची चौकशी करी आणि तिला सत्यवतीकडे जाताना बघत राही.

अखेर एकीने सत्यवतीकडचं कवंडळ उचललं तेव्हा मावशी शांतपणे म्हणाली, "ती गाठ बघ गे. कोणाची ती?"

वेल केवणीच्या झाडाच्या सालीने बांधली होती, मावशी बांधायची तशी उलट्या पिळाची. सत्यवतीचे गुडघे कधीचे गेले होते. तिला डोंगर चढवत नसे. दोघींचं सामान मावशीच काढी आणि पहाटे निम्मं तिच्या पाटीत घाली. सकाळपासून ज्या हातापासून बायका पळत होत्या, त्याच हाताची फळं पिशवीत भरून नेत होत्या.

सत्यवतीचा चेहरा उतरला. मग तिने पाटी उचलली आणि मावशीच्या ढिगावर पालथी केली. "घेवा आता," ती बायकांना म्हणाली, "कसा वेगळा करतल्यात ता बघूया."

काहीजणी उठून गेल्या. बऱ्याचजणी बसल्या. मी घोस निवडला आणि मोजला. पैसे देताना मावशीने आणखी एक कवंडळ माझ्या पिशवीत टाकलं. "ह्या विकूक नाय. तुझ्या आवशीक. तिनाच बांधूचा."

घरी आईने ते हातात घेतलं, गाठ बघितली. सामान कुणाकडचं ते मी सांगितलं आणि जे घडलं तेही. ती रागावेल असं वाटलं होतं. तिने तोंड धुतलं, लुगडं बदललं, स्टुलावर चढली आणि ते कवंडळ माटोळीच्या मधोमध बांधलं. खाली उतरल्यावर एवढंच म्हणाली की चौकट डावीकडे कलली आहे.

त्यानंतर दर वर्षी आईचं कवंडळ वेगळं येत राहिलं.

गेल्या पावसाळ्यात मावशी गेली. या चतुर्थीला आई म्हणाली, मला बाजारात ने. मावशीच्या जागेवर सत्यवतीने गोणपाट अंथरून ठेवलं होतं. फळं मावशीच्या सुनेने आणली होती, आणि डबी तीच जुनी. सत्यवतीने ती आईपुढे धरली. मागून कुणीतरी कुजबुजलं. आईने मागे वळून नीट बघून घेतलं, कुजबुज थांबेपर्यंत. मग तिने बोट बुडवलं आणि वरच्या घोसाला कुंकू लावलं.

"हं," ती मला म्हणाली, "आता मोज."