शेळीनं खाल्लेली छत्री

पिंगळीचा उमाजी म्हणजे देवापेक्षा शेळीवर जास्त भरवसा ठेवणारा माणूस. झऱ्याचं पाणी असो की नव्या झाडाचा पाला, आधी शेळीच्या तोंडी लावायचा, मग माणसांच्या. अन् खरं सांगायचं तर तोवर त्याचं कधी बिघडलंही नव्हतं.

सून बबिता पोटुशी होती, अन् डोहाळे लागले ते अळंबीचे. उमाजीनं शिवारातली वारुळं पालथी घातली, पण अळंबी काही गावेना. शेवटी बांधावरच्या झाडाखाली त्याला एक पांढरीशुभ्र, ताटलीएवढी अळंबीची छत्री दिसली. अशी त्यानं जन्मात पाहिली नव्हती. वैरण कापावी तशी विळ्यानं मातीलगत कापली, एक तुकडा शेळीला चारला. शेळी निवांत रवंथ करीत बसली अन् गडी हरखून घरी आला. बबितानं मसाला वाटायलाही घेतला.

उमाजीची बायको सुगंधाबाई. मोतीबिंदूनं तिला अंधुकच दिसायचं. तिनं छत्री हातात घेतली, देठ चाचपला अन् बूड कुठंय म्हणून विचारलं. उमाजी म्हणाला, शेळीनं खाल्ली, आता बूड कशाला पाहिजे?

"शेळी रुई बी खाती," सुगंधाबाई म्हणाली. "वाटू का सुनंला रुईची चटणी?"

चुडाव्याला, तिच्या माहेरी, भावकीतल्या एका घरानं अशीच छत्री खाऊन दवाखाना गाठला होता, अन् तिच्या बुडाला वाटी होती. ती हटूनच बसली. मग चिखलातून तिचा हात धरून उमाजी तिला बांधावर घेऊन गेला. तिनं खुरप्यानं माती उकरली, बोटं आत घातली. कांद्यासारखं फुगलेलं बूड, अन् त्याला फाटक्या सालीची वाटी.

"आवं, वाटी हाय हिला. ही इखारी."

उमाजी तिथंच बसला. "पोरीला खाऊ घालायलो होतो मी," एवढंच म्हणाला.

"घातली न्हाई ना? उठा आता."

छत्री खोल पुरून दोघं घरी आले. सुगंधाबाईनं सुनेला सांगून टाकलं, छत्री किडकी निघाली. बबिता हिरमुसली. पण उमाजीला ते खोटं ऐकवेना.

"किडकी नव्हती पोरी, इखारी होती. तुझ्या सासूनं वळखली."

बबितानं मसाल्याचे हात धुतले. सासूजवळ सरकून बसली अन् तिचा मातीनं भरलेला हात उचलून आपल्या पोटावर ठेवला.